मंगोलियात पाठीवर सॅक घेऊन: अठरा दिवसांत काय जमतं, काय सोडून द्यावं

विचारणा अशी आहे: पुण्याचे दोन मित्र, तिशीतले, जुलैअखेरीस अठरा दिवसांची रजा काढून मंगोलियाला निघालेत. यादीत गोबीचं वाळवंट आहे, जुन्या राजधानीचं खारखोरिन आहे, उत्तरेचं खुव्सगुल सरोवर आहे, आणि जमलंच तर पश्चिमेला अल्ताईतले गरुड पाळणारे शिकारीही आहेत. प्रवास बसने आणि लिफ्ट मागत करायचा. विमानाचं तिकीट सोडून माणशी एक लाख रुपये. एक जण शाकाहारी. गाईड न घेता जमेल का?

यादी निम्मी केलीत तर जमेल. नाही केलीत तर अठरापैकी बारा दिवस गाडीच्या खिडकीतून गवत बघण्यात जातील. गवत सुंदर आहे, पण त्यासाठी एवढा खर्च करायची गरज नाही.

आधी अंतरं बघा. मंगोलियाचं क्षेत्रफळ साडेपंधरा लाख चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचपट. वस्ती साधारण 35 लाख. आपल्या पुणे-पिंपरीत याहून जास्त माणसं राहतात, आणि त्या 35 लाखांतलेही निम्मे एकट्या राजधानीत, उलानबातरमध्ये. उरलेल्या देशात माणूस शोधावा लागतो. उलानबातरहून गोबीतलं दालनझदगाद साडेपाचशे किलोमीटर, खुव्सगुलच्या वाटेवरचं मुरुन सातशेच्या आसपास, आणि पश्चिम टोकाचं उल्गी सोळाशेच्या पुढे. उल्गीची बस रात्रंदिवस चालते, आणि दोन दिवसांनी तुम्ही उतरता तेव्हा पहिला दिवस कमरेच्या नावे लिहावा लागतो.

बसचं जाळं सगळं राजधानीतून बाहेर जाणारं आहे. देशात 21 आयमग, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हे. प्रत्येक आयमगच्या मुख्य गावाला उलानबातरहून बस मिळते. पण एका आयमगहून शेजारच्या आयमगला जायचं तर बहुतेक वेळा परत राजधानीत येऊन दुसरी बस धरायची. शिवाय जे बघायला आलात ते गावात नसतंच. दालनझदगादला उतरलात तरी खोंगोरीन एल्सच्या वाळूच्या टेकड्या तिथून दीडशे-दोनशे किलोमीटर कच्च्या रस्त्याने पुढे. तिथे जीप करावीच लागते, आणि अडलेल्या गिऱ्हाइकाला भाव कसा लागतो हे काही मी सांगायला नको.

लिफ्टचं म्हणाल तर मिळते, पण फुकट नाही. गवताळ प्रदेशात गाडीत बसवणं हा पैशाचा व्यवहार आहे, पेट्रोलची वाटणी द्यायची असते. डांबरी रस्त्यावर तासाभरात कुणीतरी थांबतं. डांबर सोडलं की एका रस्त्याच्या दहा वाटा फुटलेल्या दिसतात, प्रत्येक ड्रायव्हर आपल्याला आवडेल त्या चाकोरीने जातो. तुम्ही ज्या चाकोरीशेजारी सॅक टाकून बसाल तिच्यावरून त्या दिवशी कुणी जाईलच असं नाही. युरोपातली पोरं हे करतात आणि कौतुकाने सांगतात. त्यांच्याकडे तीन-तीन महिने असतात.

म्हणून दोघांसाठी माझा सल्ला: उलानबातरच्या एखाद्या होस्टेलमध्ये उतरा आणि तिथे गाडीत वाटेकरी शोधा. ही तिथली जुनी रीत आहे. होस्टेलच्या फळ्यावर चिठ्ठ्या लागतात, आता फोनवरचे गटही आहेत: "गोबी, आठ दिवस, दोन जागा शिल्लक". चार-पाच जण झाले की गाडी, ड्रायव्हर, पेट्रोल, मुक्काम आणि स्वयंपाक धरून माणशी दिवसाला 60 ते 100 डॉलरमध्ये बसतं. दोघांनीच गाडी केली तर हाच आकडा जवळजवळ दुप्पट होतो. आता तुमचा लाख. आठ-नऊ दिवस गाडीचे धरा. उरलेले दिवस उलानबातर आणि एका कुटुंबाकडचा मुक्काम, जिथे दिवसाचा खर्च फार नाही. एवढ्यात लाख पुरतो, थोडे उरतातही. अल्ताई घातलंत की हिशेब कोलमडतो.

गाडी बहुतेक वेळा फुरगोन असेल. रशियन बनावटीची, 1960च्या दशकातल्या रचनेची, पावासारख्या आकाराची करडी व्हॅन. इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधे, त्यावर गोधडी टाकलेली, आणि ड्रायव्हरचा चहाचा थर्मास त्याच गोधडीवर. मागे समोरासमोर सीटा, एसी नाही, पट्टे असले तर नशीब. आजकाल जपानी जीपही मिळतात, जास्त आरामाच्या. तरी ओल्या चिखलात आणि आडरानात मी फुरगोनच घेईन, कारण ती मोडली तर दुरुस्त होते. एकदा गोबीत पुढच्या चाकाचा पाटा तुटला. ड्रायव्हरने खाली नमद्याचा तुकडा पसरला, गाडीखाली शिरला, आणि अर्ध्या तासात कुठूनशी एक मोटरसायकल आली. त्यावर बाप, मुलगा आणि मधे धरलेली शेळी. नमस्कार-चमत्कार झाले, शेळी मुलाच्या ताब्यात दिली, बाप गाडीखाली शिरला. कातड्याच्या वाद्या, तार आणि झाडाचं एक खोड एवढ्यावर पाटा बांधला गेला आणि त्या बांधणीवर आम्ही पुढचं गाव गाठलं. बापाने पैसे घेतले नाहीत, सिगारेटी घेतल्या. ड्रायव्हर आणि तो एकमेकांना ओळखत नव्हते. मी नंतर विचारलं तेव्हा ड्रायव्हरला प्रश्नच कळला नाही.

म्हणून गाडी ठरवताना कंपनीपेक्षा ड्रायव्हर बघा. पैसे देण्याआधी त्याला भेटवा म्हणावं. रोज किती तास गाडीत, स्वयंपाक कोण करणार, राष्ट्रीय उद्यानांची प्रवेशफी धरली आहे का, पिण्याचं पाणी किती घेणार, एवढं तोंडावर विचारून घ्या. गाईड म्हणजे प्रत्यक्षात दुभाषी आणि स्वयंपाकी. तिथले ड्रायव्हर बहुधा इंग्रजी बोलत नाहीत, आणि तुम्हाला एका कुटुंबाकडे राहून काही समजून घ्यायचं असेल तर दुभाषी पाहिजे. पाच जणांत वाटला तर हा खर्च अंगावर येत नाही. गाईडशिवाय जमतं, पण मग गेरमध्ये, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या गोल तंबूत, बसून हसण्यापलीकडे संभाषण जात नाही.

एक सूचना. "किती वाजता पोहोचू?" हा प्रश्न ड्रायव्हरला विचारू नका. मुक्कामाची वेळ आधी बोलून दाखवणं तिथे अपशकुनी मानतात, आणि खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नसतं. नदीला पाणी चढलं तर वळसा पन्नास किलोमीटरचा. खिंडीत ओवो लागतो, दगडांचा ढीग, त्याला खदग म्हणतात त्या निळ्या रेशमी वस्त्राच्या पट्ट्या बांधलेल्या. तिथे गाडी थांबवून उजव्या हाताला ओवो ठेवून तीन प्रदक्षिणा घालतात, प्रत्येक फेरीला एक दगड टाकतात. थांबायला वेळ नसेल तर तीनदा हॉर्न. प्रदक्षिणा आपल्याला शिकवावी लागत नाही, म्हणून मराठी माणसाचं तिथे पहिल्याच खिंडीत जमतं.

आता यादीची काटछाट. अल्ताई आधी खोडा, आणि त्याचं कारण फक्त अंतर नाही. गरुडाने शिकार करण्याचा हंगाम हिवाळ्याचा आहे. बायान-उल्गीचे कझाक शिकारी बर्फ पडल्यावर बाहेर पडतात, आणि उल्गीचा गरुड महोत्सव ऑक्टोबरच्या सुरुवातीला असतो. उन्हाळ्यात पक्ष्याची पिसं झडत असतात, तो खुंटीला बांधलेला असतो. पैसे दिलेत तर हातावर बसवून फोटो मिळेल, त्यापलीकडे काही नाही. अल्ताई करायचाच असेल तर पुढे कधीतरी फक्त त्याच्यासाठी जा, उलानबातरहून उल्गीला विमानाने, आणि तवान बोग्द शिखरांच्या सीमाभागाचा वेगळा परवाना आधी काढून.

खुव्सगुल दुसरं खोडा, हे सांगताना मला वाईट वाटतं. 262 मीटर खोल, सव्वाशे किलोमीटरहून लांब, देशातल्या गोड्या पाण्याचा मोठा हिस्सा त्या एका सरोवरात आहे, आणि काठावर लार्चची जंगलं. पण ते गोबीच्या नेमकं उलट टोकाला आहे. अठरा दिवसांत दोन्ही करणारे लोक दोन्ही ठिकाणी संध्याकाळी पोहोचतात आणि सकाळी निघतात.

उरतं गोबी आणि ओर्खोन खोरं, म्हणजे खारखोरिनचा परिसर. गोबीत जुलैअखेरीस दुपारी चाळिशीच्या जवळ पारा जातो. सकाळी गाडी चालवा, दुपारी सावली धरा. योलीन आम ही घळ बर्फासाठी प्रसिद्ध आहे, पण तुम्ही जाल तोवर बहुतेक बर्फ वितळलेलं असेल. तरी जा, घळीतलं गार वारं आणि खडकांवरचे पिका नावाचे छोटे प्राणी हेच पुरेसं आहे. खोंगोरीन एल्सची वाळू काही ठिकाणी तीनशे मीटरपर्यंत उंच आहे. चढ दिसतो त्याच्या तिप्पट लागतो, दोन पावलं वर गेलं की एक खाली. सूर्यास्ताच्या तास-दीड तास आधी सुरुवात करा. उतरताना बसून घसरलात की वाळू खालून घुमते, विमान लांबून यावं तशी. कोरड्या वाळूचे सारख्या आकाराचे कण एकमेकांवर सरकताना तो आवाज येतो, म्हणून पाऊस पडून गेलेला असेल तर ऐकू येणार नाही.

बायनझागचे लाल कडे म्हणजे जिथे रॉय चॅपमन अँड्र्यूजच्या अमेरिकन मोहिमेला 1923 साली डायनोसॉरची अंडी सापडली. तेव्हा ती प्रोटोसेराटॉप्सची समजली गेली, 1990च्या दशकात कळलं की ती ओव्हिराप्टर कुळातल्या प्राण्याची. कड्याजवळ मुलं हाडांचे तुकडे विकायला आणतात. घेऊ नका. मंगोलियातून जीवाश्म बाहेर नेणं गुन्हा आहे. 2012 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिलावात निघालेला टार्बोसॉरस या डायनोसॉरचा अख्खा सांगाडा मंगोलियाने अमेरिकी न्यायालयातून परत मिळवला, 2013 मध्ये तो मायदेशी आला. विमानतळावर तुमची सॅक त्या मानाने लगेच उघडली जाईल.

गोबीतून उत्तरेला येताना ओंगीच्या मठाचे भग्नावशेष लागतात. 1930च्या दशकाच्या अखेरीस कम्युनिस्ट राजवटीने देशभर शेकडो मठ पाडले, हजारो लामांना मारलं, त्यातलाच हा एक. पुढे खारखोरिन. चंगीझ खानाच्या मुलाच्या काळात साम्राज्याची राजधानी इथे होती, पण तिचं जमिनीवर फारसं काही उरलेलं नाही. 1586 साली उभारलेला एर्देने झू मठ आणि त्याची 108 स्तूपांची भिंत उभी आहे. पहाटे, टूरच्या बसेस यायच्या आधी गेलात तर आत पूजा चालू असलेली मिळेल. बौद्ध परंपरेचा आणि भारताचा धागा इथे चांगलाच जिवंत आहे. लडाखचे कुशोक बकुला रिनपोछे 1990 ते 2000 भारताचे राजदूत म्हणून उलानबातरला होते, त्यांनी तिथे पेथुब मठ उभारला. "भारतातून आलो" म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचा चेहरा बदलतो, तो याच मुळे. तरुणांचा बदलतो तो हिंदी मालिका-सिनेमांमुळे.

खारखोरिनच्या पश्चिमेला ओर्खोनच्या खोऱ्यात गाडी सोडून द्या. एका कुटुंबाकडे चार-पाच दिवस राहा. माझ्या मते तुमच्या सहलीतला खरा भाग हाच आहे, बाकी सगळं त्याला जोडून.

कुटुंबांकडे पाहुण्यांसाठी एखादा जादा गेर असतो, माणशी रात्रीचे पैसे तुग्रुग या तिथल्या चलनात द्यायचे, जेवण वेगळं. एका रुपयाला साधारण 40 तुग्रुग धरा, म्हणजे हजारांच्या नोटा बघून दचकणार नाही. गेरकडे जाताना लांबूनच "नोखोय खोर!" म्हणून हाक मारतात, म्हणजे कुत्रा धरा. हा नुसता शिष्टाचार नाही, कुत्रा खरोखर धरावा लागतो. उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. आत गेल्यावर मधल्या दोन खांबांच्या मधून जायचं नाही, त्यांच्या मधून वस्तूही द्यायची नाही. चुलीत कचरा टाकायचा नाही, पाय चुलीकडे करून बसायचं नाही. वस्तू घेताना उजवा हात, डावा हात उजव्या कोपराला. हे सगळं आपल्या आजीच्या घरात वाढलेल्याला जड जात नाही, फक्त शिट्टी वाजवायची सवय असेल तर ती आवरा.

सकाळ अशी असते. घरातली बाई सगळ्यांच्या आधी उठते, चुलीत वाळलेल्या शेणाच्या गोवऱ्या घालते, मोठ्या कढईत पाणी, विटेसारख्या चहाचा चुरा, दूध आणि मीठ. पळीने तो चहा उंचावरून परत परत ओतत राहते, आपल्याकडे बासुंदी ढवळतात तितक्या वेळ. पहिली पळी बाहेर नेऊन आकाशाकडे उडवते, मग घरातल्यांना. घोड्याची शिंगरं एका लांब दोरीला ओळीने बांधलेली असतात, कारण शिंगरू इथे असलं की घोडी लांब जात नाही. दर दोन तासांनी घोड्या दोहायच्या. शिंगराला आधी तोंड लावू द्यायचं, पान्हा फुटला की ओढून बाजूला धरायचं आणि बाईने गुडघा टेकून चरवी मांडीवर घेऊन दोहायचं. दूध दाराशी टांगलेल्या गाईच्या कातड्याच्या पखालीत जातं, त्यात लाकडी रवी उभी असते. आत येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने ती घुसळायची. दिवसभरात ती हजारो वेळा घुसळली जाते, आणि तेव्हा ऐराग होतो: आंबट, किंचित फसफसणारा, बिअरहून सौम्य. तुमच्या पोटासाठी पहिल्या दिवशी अर्धा वाडगा पुरे. पूर्ण वाडगा प्यायलात तर रात्री बाहेरचे तारे बरेच वेळा दिसतील.

तुम्ही जाल तेव्हा शाळांना सुट्टी असते. मुलं सुमच्या, म्हणजे तालुक्याच्या गावच्या वसतिगृहातून घरी आलेली असतात, 1 सप्टेंबरला परत जातात. शाळेत इंग्रजी शिकलेली दहा-बारा वर्षांची मुलगी हा तुमचा उत्तम दुभाषी. गेरच्या बाहेर सौर पॅनेल, आत टीव्ही, आणि 2024 पासून काही ठिकाणी स्टारलिंकची थाळीही दिसते. फोटोतून बाहेर ठेवायला म्हणून ती पाडून टाकणारे पाहुणे मी बघितले आहेत. तसं करू नका.

पाहुणचाराबद्दल एक स्पष्ट बोलतो. गवताळ प्रदेशात वाटसरूला चहा आणि जागा देणं ही रीत आहे, कारण उद्या तोच यजमान बर्फात दुसऱ्याच्या दारात उभा असतो. तुम्ही त्या फेऱ्यात नाही, तुमच्या दारात तो कधी येणार नाही. म्हणून पैसे द्या, किंवा उपयोगाची वस्तू द्या. 2023-24च्या हिवाळ्यातल्या झुदमध्ये, म्हणजे बर्फाने गवत झाकलं जाऊन जनावरं उपाशी मरतात त्या आपत्तीत, देशात 70 लाखांहून जास्त जनावरं गेली. कळप गेला की कुटुंब उलानबातरच्या कडेच्या गेर वस्तीत जातं आणि कोळशाच्या धुरात हिवाळा काढतं. शेळ्यांच्या काश्मिरी लोकरीचा पैसा वर्षातून एकदा, वसंतात येतो, बाकी वर्ष उधारीवर. चॉकलेट वाटत फिरू नका. ताजी फळं, भाज्या, तांदूळ, डोक्याला लावायची चांगली टॉर्च, बॅटऱ्या, ही कामाची भेट. सगळ्यात आवडते ती छापलेल्या फोटोची. लहान फोटो-प्रिंटर सॅकमध्ये नेलात तर तुमचं नाव त्या खोऱ्यात पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहील.

घोड्याबद्दल. मंगोल घोडा बुटका असतो, त्याला बघून धीर येतो, आणि तिथेच फसगत होते. तो अर्धरानटी असतो आणि फडफडणाऱ्या गोष्टीला बिचकतो. घोड्यावर बसल्या-बसल्या रेनकोट काढणं किंवा पिशवीतलं प्लास्टिक कुरकुरवणं, एवढ्यावर लोक पडून हात मोडून घेतात. डाव्या बाजूनेच चढा, मागून जाऊ नका, पाय रिकिबीत टाचेपर्यंत घालू नका. चालवायला "चू". पहिल्या दिवशी तीन तासांच्या वर बसू नका. आणि विमा घेताना "घोडेस्वारी" हा शब्द कागदावर आहे का बघा. बऱ्याच पॉलिसी ती वगळतात, आणि जवळचा चांगला दवाखाना म्हणजे उलानबातर.

आता शाकाहार, कारण मला माहीत आहे की घरी याच मुद्द्यावर जास्त चर्चा चालू असेल. उलानबातरमध्ये अडचण नाही, शाकाहारी आणि व्हीगन हॉटेलं आहेत, भारतीय जेवणही मिळतं. बाहेर पडलं की बूझ (वाफवलेले मोमो), खूशूर (तळलेल्या करंज्या), त्सुइवान (परतलेल्या शेवया), सगळ्यात मटण. "बी माख इददेग्वी" म्हणजे मी मांस खात नाही, हे पाठ करा. यावर खूपदा मांस वेचून काढलेलं त्सुइवान समोर येतं, आणि त्यात फसवणूक नसते, त्यांच्या दृष्टीने ते शाकाहारीच. मटणाच्या चरबीचा वास असलेल्या भांड्यात शिजलेलं चालत असेल तर तुमचा मित्र तरेल. चालत नसेल तर छोटं पातेलं आणि स्वतःची पळी घेऊन जा, आणि गाडी ठरवतानाच गॅसची शेगडी आहे का विचारा. सुमच्या दुकानात बटाटे, गाजर, कोबी, कांदे, तांदूळ, मैदा मिळतो. घरून मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला आणि कोरडी चटणी. भाजणीचं थालीपीठ मंगोल चुलीवरच्या तव्यात सुरेख होतं, आणि यजमानीण दुसऱ्या दिवशी स्वतः पीठ मागते. शिवाय उन्हाळा दुधाचा हंगाम असतो: याकच्या दुधाचं घट्ट दही, उरुम म्हणजे बोटभर जाडीची साय, बूर्त्सोग म्हणजे कणकेचे तळलेले तुकडे त्या सायीत बुडवून. एवढ्यावर आठवडा आनंदात जातो. आरूल, म्हणजे वाळवलेला चक्का, मात्र दाताने फोडायला जाऊ नका, चघळा.

व्होडका पुढे आली आणि प्यायची नसेल तर नाही म्हणून हात आडवा करू नका. पेला घ्या, उजव्या हाताची अनामिका बुडवून आकाशाकडे थेंब उडवा, ओठाला लावा, परत द्या. कुणी वाईट मानत नाही. संध्याकाळी सुमच्या गावात प्यालेली माणसं भेटतात, बहुतेक गळ्यात पडणारी, क्वचित भांडणारी. तंबू गावाजवळ न लावता एखाद्या गेरजवळ विचारून लावा. एकट्या बाईलाही मी हेच सांगतो, कुटुंबाच्या आवाजाच्या टप्प्यात राहा.

आरोग्याचं थोडक्यात, पण नीट ऐका. कुत्रे मोठे असतात आणि रेबीज तिथे आहे, निघण्याआधी लस घ्या. उत्तरेच्या जंगलात गोचिडी असतात. पाणी गाळून आणि उकळून. मार्मोट नावाचा जाड खारीसारखा प्राणी दिसेल, जिवंत असो की मेलेला, त्याच्या जवळ जाऊ नका. त्याच्यापासून प्लेग होतो. 2019 मध्ये बायान-उल्गीत एक दांपत्य मार्मोटचं कच्चं मांस खाऊन दगावलं आणि तिथे प्रशासनाने लोकांना क्वारंटाइन केलं, त्यात परदेशी प्रवासीही अडकले होते. संडास म्हणजे चार फळ्या आणि खड्डा, तोही असला तर. रात्रीचा पारा ओर्खोनमध्ये ऑगस्टमध्येही बराच खाली येतो, डाऊन जॅकेट गोबीच्या उन्हात मूर्खपणाचं वाटलं तरी न्या. जुलै-ऑगस्ट हा तिथला पावसाचाही हंगाम आहे, नद्या भरतात, रुतलेली गाडी ढकलावी लागते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मिळत असेल तर मी डोळे झाकून तो घेईन.

नादामचं, म्हणजे कुस्ती, घोडदौड आणि तिरंदाजीच्या राष्ट्रीय उत्सवाचं, विचारलं नाहीत, पण 11 ते 13 जुलैचा मोठा नादाम तुम्ही जाल तोवर झालेला असेल. हुकला म्हणून हळहळू नका. उलानबातरचं स्टेडियम गर्दीचं, तिकिटांचं. सुमच्या पातळीवरचे छोटे नादाम जुलैभर, कधी ऑगस्टमध्येही होतात. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, वाटेत कुठे असेल तर त्याला माहीत असतं आणि त्यालाही जायचंच असतं. कुस्तीला वजनगट नसतात. पडलेला पहिलवान जिंकलेल्याच्या काखेखालून जातो, मग जिंकलेला गरुडासारखे हात पसरून नाचतो. कोल्हापूरकडची मंडळी बरोबर असतील तर तिथून हलत नाहीत.

कामाचा क्रम असा लावा. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. चीनमार्गे जाणार असाल तर तिथल्या ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी बघा, नंतर नाही. विमानतळ शहरापासून पन्नास किलोमीटरवर, 2021 मध्ये सुरू झालेला नवा आहे, रात्री उतरणार असाल तर होस्टेलला गाडी पाठवायला सांगा. पहिले दोन दिवस उलानबातरमध्ये मोकळे ठेवा, वाटेकरी आणि ड्रायव्हर त्यातच मिळतात. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, स्थानिक सिम घ्या, रोख तुग्रुग काढून ठेवा, आयमगच्या गावाबाहेर एटीएमवर भिस्त नको. उलानबातरच्या नरानतूल बाजारात सॅक पोटाशी घेऊन फिरा, पाकीटमार आहेत, पण जाडजूड लोकरी मोजे आणि वापरलेला देल, म्हणजे मंगोल अंगरखा, तिथेच स्वस्त मिळतो. आणि परतीच्या विमानाच्या आधीचे पूर्ण दोन दिवस राजधानीत ठेवा. ओर्खोनहून निघताना नदी चढलेली असेल, किंवा ड्रायव्हरच्या मेहुण्याकडे चहाला थांबावंच लागेल, आणि त्या चहाला नाही म्हणता येत नाही.